तीन अक्षरं

दिवली जरा खाली धर, ट्रायफोन,
तेल माझ्या मानेवर सांडतंय.
हा बघ कोनाडा. नवा संगमरवर परवडेना,
म्हणून कुणा सरदाराच्या न्हाणीघरातली फरशी
उलटी करून बसवली होती मी.
नाव, पुढे 'धर्माध्यक्ष', ग्रीक अक्षरांत,
ओळ उजवीकडे चढत गेलेली.
हात थरथरत होता. थंडीनं म्हण.

आता वरून निरोप आलाय:
नावाशेजारी तीन अक्षरं वाढवा,
'हुतात्मा'ची.
नऊ वर्षं लागली त्यांना ठरवायला,
की तुरुंगातल्या तापानं गेलेला माणूस
तलवारीनं गेलेल्यांत धरायचा की नाही.

मला कुणी विचारलं नाही.
मला ठाऊक असलेला
टायबरपलीकडे विधवांना गहू मोजून द्यायचा,
मापावरून हात फिरवताना शीग तशीच सोडायचा,
आणि संध्याकाळी हिशेब लागेना म्हणून
अगदी रडकुंडीला यायचा.
खेचरांना भ्यायचा.
सगळं रोम त्याला 'पापा' म्हणे,
आणि पापाच्या वहाणेचा अंगठा सुतळीनं बांधलेला.

माझी फेलिकुला गेली, अकरा महिन्यांची,
तेव्हा तो स्वतः उतरला इथे,
वाकायचं विसरून कपाळाला खोक पाडून घेत.
साडेतीन वितींचा कोनाडा. मीच खणलेला.
हजारदा म्हटलेली प्रार्थना
त्याला आठवेना.
दोनदा सुरुवात केली.
मग तिच्या खुळखुळ्यातलं घुंगरू घेतलं,
ओल्या चुन्यात दाबलं,
आणि चुना धरेपर्यंत
बोट तिथेच ठेवून उभा राहिला.

दुसऱ्या वळणाला डावीकडे, जाऊन बघ.
घुंगरू पडलं केव्हाच.
खळगा आहे.

आता लोक येतील, दिवे घेऊन,
याच्या दगडाला चिंध्या घासून घरी नेतील,
आणि पोरीच्या भिंतीपुढून
न थांबता जातील.
बरंच आहे. तिची झोप सावध होती.

छिन्नी घे. ती नाही, बारीक.
तूच कोर, मला आता कडा दिसत नाहीत.
जागा?
जागा आहे. चार बोटं दगड
मी तेव्हाच कोरा सोडला होता.
का, ते विचारू नकोस.

आणि हे बघ, सूत लावू नकोस.
सरळ काढलीस तर परकी दिसतील.
ओळ चढतेय ना उजवीकडे,
तशीच चढू दे.