वजन

केमी गावात उणे एकवीस.
हेल्कानं बाल्कनीचं दार किलकिलं ठेवलंय,
प्रोसेसर ताणलाय साडेपाच गिगाहर्ट्झपर्यंत;
थंडी फुकट आहे, म्हणते.
तरी मध्यरात्री पडदा काळा होतोच.

दुकानात तूरे एकेक पॉवर सप्लाय खोक्यातून काढतो.
लेबल वाचत नाही. तळहातावर तोलतो,
बर्फाखालून ओढलेला मासा तोलावा तसा.
"साडेसातशे म्हणतोय. गार असताना.
तापल्यावर काय म्हणतो ते विचार."

कागद गिरणीत तीस वर्षं ट्रान्सफॉर्मर सांभाळले त्यानं.
गिरणी गेली,
कान अजून गुणगुण शोधतात.

हेल्का जड तो घेते, भाड्याचे पैसे मोडून.

रात्री चाचणी चालू.
खालची म्हातारी सौना तापवायला घेते,
जिन्यातला दिवा मंदावतो,
स्वयंपाकघरातला मंदावतो,

पडदा नाही.