पाणसळ

शामरावनगरात आम्ही घर बांधलं तेव्हा
गल्लीत सरकतं दार एवढं एकच.
लोक बघायला यायचे.
बागणेवहिनींना काच आहे हेच कळलं नाही,
आमटीची वाटी घेऊन सरळ आत निघाल्या,
कपाळमोक्ष होता होता राहिला.
त्याच संध्याकाळी ह्यांनी डोळ्यांच्या उंचीवर
एक हिरवा पोपट चिकटवला.

पोपट अजून आहे. चोच उडालीय.
दार मात्र सरकायचं विसरलं.

तसं एकदम नाही विसरलं.
आधी नुसतं कुरकुरलं,
मग एक खुबी मागायला लागलं:
कडी धरून किंचित उचला,
डाव्या पायानं खालनं रेटा,
श्वास सोडा, ढकला.
जावयाला कधीच जमली नाही,
तो चार वर्षं मागच्या दारानं अंगणात जातो.
मला जमायची. थोडा माजही होता मला त्याचा.
ह्यांना जमेनाशी झाली तेव्हा मी म्हणाले,
"तुम्ही जोरच लावत नाही."
पुढं पुढं ते आतल्या बाजूलाच
खुर्ची टाकून बसायचे,
काचेतून पेरूकडं बघत.
मी कधी दार उघडून द्यायची,
कधी हात पिठात असायचे.

आज मिरजेहून हिदायत मुजावर आला.
सोबत एक पोरगा, ग्राइंडर,
आणि पिशवीत नायलॉनची चार चाकं.
मी म्हटलं, नवीनच बसवा, भाव सांगा.
"थांबा की मावशी," म्हणाला.
दोघांनी पल्ला उचलून भिंतीला टेकवला.
पोपट पहिल्यांदाच तिरका झाला.

रुळात मुंग्यांची टरफलं, पेरूच्या बिया,
शर्टाचं एक बटण,
आणि तळाला पिवळी रेघ.
हळद.
ह्यांची यार्डात तोलाई,
चपलांना चिकटून रोज चिमूटभर घरी यायची.
पोरगा ब्रश घेऊन बसला.
राहू दे जरा, म्हटलं.
मग म्हटलं, झाड.

चाकं झिजलेली, पण फार नाही.
हिदायतनं चौकटीवर पाणसळ ठेवली.
काचेच्या नळीतला बुडबुडा
दोन रेघांच्या मधे क्षणभर घुटमळला
आणि डावीकडं जाऊन बसला तो बसलाच.

"दार चांगलंय ओ. घर बसलंय.
उजवा कोपरा.
काळी माती ही, मावशी, पावसात फुगती,
उन्हाळ्यात भेगाळती.
नवं दार घाला, दोन वर्षांनी हेच."

जन्मभर ज्यानं
दुसऱ्याच्या पोत्यांसाठी काटा सरळ धरला,
त्याच्या पायाखालची फरशी
अर्धा इंच कललेली.
आणि मी म्हणाले होते, जोर.

हिदायतला यातलं काही सांगितलं नाही.
चहात साखर किती, विचारलं.

त्यानं खालची पट्टी सैल केली,
उजवीकडं पॅकिंग सारलं,
वर बोटभर फट ठेवली.
"मातीला हलायला जागा पायजे.
वारा येईल थोडा. कापड कोंबा."
जुनी चाकं कागदात बांधून माझ्या हातात दिली.
टाकायची का ठेवायची, ते नाही बोलला.

पाच वाजता दार बसलं.
"एका बोटानं सरकतंय, बघा."
मी बघितलं, पण हात कुठं ऐकतोय.
कडी धरली, उचललं, डावा पाय रेटला,
श्वास सोडला, ढकललं,
आणि दार असं काही सुटलं
की चौकटीवर धाडकन आदळलं.
पोरगा दचकून मागं सरला.

कुंपणापलीकडून बागणेवहिनी:
"काय पडलं ओ?"

"काही नाही," म्हटलं, "दार उघडलं.
या की चहाला.
पण पोपट बघून या."