नळाच्या रात्रीची गोधडी

साखर पेठेत आमचा नळ पाचव्या दिवशी येतो,
तोही रात्री, दोन ते साडेतीनच्या मधे कधीतरी.
आधी हवा येते फुस्स करून,
मग खोकला, मग गढूळ,
मग पाणी.

त्या खोकल्याच्या अलीकडचा जो वेळ
तो कुणाच्याच नावावर नव्हता.
मी घेतला.

दिवसा मी कॉलर शिवते.
अख्खा शर्ट नाही, नुसती कॉलर.
गणवेशाच्या कारखान्यात, तिसऱ्या रांगेत,
पंख्याचा वारा जिथवर येऊन थांबतो
त्याच्या पुढच्या मशीनवर.
रोज दोनशे चाळीस माना हाताखालून जातात,
तोंडं कधी दिसत नाहीत.
इरण्णा सुपरवायझर म्हणतो, "श्यामलाबाई, हात."
हात असतोच.
मी कुठे असते ते तो विचारत नाही.

घरी आलं की भाकरी,
मामंजींना दात नाहीत म्हणून त्यांची शेंगाचटणी वेगळी, बारीक,
स्रवंतीचे अपूर्णांक, गॅसचा नंबर,
नागेशचं ताट झाकून.
तो दुसऱ्या पाळीला, टॉवेलच्या लूमवर.
आम्ही नवराबायको
बहुतेक जिन्यात भेटतो.

खालची कौसरभाभी हसते.
"चादरीच्या गावात गोधडी कशाला गं?"
खरंय. इथे चादर किलोवर मिळते,
दोन मोर समोरासमोर, काठ, शिक्का, झालं.
काय सांगू तिला.
चादर मागावरनं उतरते,
गोधडी उतरत नाही.
साचते.

टोक वाकडं म्हणून परत आलेल्या अकरा कॉलरी
(पैसे कापले माझे, म्हणून त्या माझ्या),
नागेशची लुंगी, जिथे विरली नाही तेवढी,
स्रवंतीचा फ्रॉक, गड्ड्यातल्या पाळण्याचं
ग्रीस लागलेला.
ग्रीस निघालं नाही. मी ते मधोमध घेतलं.

एका नळाला दोन ओळी.
कधी तीन.
उन्हाळ्यात पाणी आठव्या दिवशी गेलं
तेव्हा गोधडीही आठवड्यावर गेली.
ड्रमच्या झाकणावर कापड, तोंडात मोबाईलचा टॉर्च,
धावदोरा वाकडातिकडा.
दिवसभराचं सरळ
इथे उलगडून टाकायचं असतं.

एकदा कोपरा वळवत होते.
कोपऱ्यात चार थर एकावर एक येतात,
सुई दाताने ओढावी लागते.
ड्रम भरला, मोरी भरली,
पाणी जिना उतरून कौसरभाभीच्या उंबऱ्यात,
तिची चप्पल तरंगली तेव्हा सगळी उठली.
मामंजी म्हणाले, "काय करत होतीस?"
"डोळा लागला," मी म्हटलं.
डोळा लागला म्हटलं तर चालतं.
शिवत होते म्हटलं असतं तर
त्या पाण्याचा हिशेब
वर्षभर पुरला असता.

नागेशने ओव्हरटाइमच्या पैशातून
टाकीला फ्लोट बसवला.
स्वतः वर चढून, दोन्ही कोपरं खरचटून.
"आता आपोआप बंद होतं.
आता उठू नकोस तू."
इतक्या मायेने म्हणाला
की मला त्याचा रागही करता येईना.

चार नळ मी झोपले.
खरंच झोपले.
गोधडी कपाटावर, सुई तिच्यातच,
अर्ध्या ओळीवर.

काल दोनला जाग आली.
मोरीत गेले, रिकामी बादली उगीच नळाखाली सरकवली,
तिचा आवाज होऊ दिला.
आतून नागेशने झोपेतच विचारलं,
"आलं का?"
काल नळाचा दिवसही नव्हता.

"हवा येतीय," मी म्हटलं,
आणि दोऱ्याचं टोक ओलं केलं.