किलोमागे

शाळेच्या गेटावर कागद चिकटवलाय,
खळ अजून ओली.
'बेमुदत' हा शब्द आम्रपालीनं मला वाचून दाखवला
आणि विचारलं, मुदत म्हणजे
औषधाच्या बाटलीवर असते ती?
मी म्हटलं, तीच.

तुर्भे स्टोअरच्या त्या गेटापासून आमच्या खोलीपर्यंत
दोनशे दहा पावलं. तिनंच मोजलेली, रोज मोजायची.
त्या दिवशी परतताना मोजली नाहीत.

पहिले दोन दिवस सुट्टीसारखे गेले.
तिसऱ्या दिवशी बारा वाजता
गल्लीतली पोरं आपापली ताटली घेऊन
बंद गेटापाशी जाऊन उभी राहिली.
कुणी बोलावलं नव्हतं.
पोटाला कुठे नोटीस वाचता येते.
वॉचमन शिंगाडे हातानंच नाही नाही करत राहिला,
मग आत गेला आणि स्वतःच्या डब्यातली
दीड भाकरी घेऊन आला.
अकरा पोरं, दीड भाकरी.
हे गणित कितवीला असतं?

घरात मार्केटच्या लसणाची गोणी.
सोललेल्या किलोमागे पैसे,
ओला निघाला तर शेठ वजनात कापतो.
पोरगी घरी म्हणजे दोन हात जास्त,
फरीदा सहज बोलून गेली.
मला ते ऐकून बरं वाटलं.
वाईट म्हणायचं तर तेच.

चौथ्या दिवशी आम्रपाली परात घेऊन समोर बसली.
संध्याकाळपर्यंत नखांच्या कडा सोलवटल्या,
रात्री झोपेत बोटं तोंडात घालून
चरचरली म्हणून उठली.
पाचव्या दिवशी वही उघडली
तर सगळ्या पानांना लसणाचा वास.

त्याच रात्री वाळुंजबाईंचा फोन.
मागं घोषणा, कोकण भवनासमोरचा मांडव,
माईकवर कुणाचा तरी बसलेला घसा.
'पंधराचा पाढा घेता ना तिचा?'
मी विचारलं, बाई, कशासाठी बसलाय तुम्ही सगळ्या?
म्हणाल्या, पेन्शनसाठी हो. म्हातारपणासाठी.
माझे वडील मास्तर होते, त्यांना मिळते.
मला नाही मिळायची तशी.
मग जरा थांबून, 'पोरं जेवतात ना दुपारची?'
मी काहीच बोलले नाही.
मग रेंज गेली, किंवा त्यांनीच ठेवला.

चिडायचं ठरवलं होतं मी.
सहा महिन्यांत पंधरापर्यंत पाढे आणलेत या बाईनं,
तिच्यावर चिडायला शब्द सापडेनात.
आणि म्हातारपण हा शब्द
पैशाच्या शेजारी बसलेला
मी कधी पाहिलाच नव्हता.
आमच्याकडे तो नुसता दुखतो,
गुडघ्यात.

सहाव्या दिवशी परात पालथी घालून
आम्रपाली तिच्यावर बसली.
दारावर खडूनं लिहिलं: बेमुदत.
खाली मागण्या तीन.
नखं दुखतात.
वीस रुपये.
बाई पाहिजेत.
तिचा बाप टेम्पो लावून आला,
हसला, म्हणाला, मांडव कुठंय मग?
आणि खरंच आपली लुंगी दोरीवर ताणून
तिच्या डोक्यावर सावली केली,
विजेच्या बल्बाची सावली.

मी विचारलं, संप कुणाविरुद्ध गं?
तिनं माझ्याकडे पाहिलं. गोणीकडे.
बापाकडे. दाराबाहेर, शाळेच्या दिशेला.
म्हणाली, ते अजून ठरलं नाही.

मी सुरी खाली ठेवली
आणि लुंगीखाली तिच्या शेजारी जाऊन बसले.
परातीवर दोघींना जागा नव्हती, मी फरशीवर.
पंधरा एके पंधरा, पंधरा दुणे तीस,
पंधरा त्रिक ती अडखळली, मलाही आलं नाही,
बाप दारातून म्हणाला, पंचेचाळीस.
दहा मिनिटं असतील.
गोणी तशीच अर्धी.

आठ वाजता गल्लीच्या तोंडाशी
शेठच्या पोराच्या स्कूटरचा हॉर्न.
मी उठले.
ती उठली नाही.