निळ्या टोकाची लोकर

डेलिका माझ्याहून तीस वर्षांनी लहान,
पण घाटात धाप आधी तिलाच लागते.
स्टिअरिंग उजवीकडे, डॅशबोर्डवर जपानी अक्षरं.
ती मला वाचता येत नाहीत.
एवढंच कळतं, की हा दिवा लागला
म्हणजे गिअरबॉक्सला ताप भरलाय.

आबानो खिंडीच्या अलीकडे लागला.
मागे सात माणसं, पिठाची सहा पोती,
लामाराचं शिवणयंत्र चादरीत गुंडाळलेलं,
आणि पुढच्या सीटवर झेझ्वाआजोबा,
गुडघ्यांत काठी, जणू रस्ता त्यांनीच बांधलाय.

"एल्दिनो, इंजिन बंद कर!" सगळे एकदम.
नाही केलं.
खाली अलवानीत जुम्बेरने बजावलंय:
बंद केलंस तर तेल जागच्या जागी शिजत राहील.
चाकांखाली दगड घाल, न्यूट्रलला टाक,
आणि इंजिन चालू राहू दे.
फिरेल ते निवेल.

पट्टी ओढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली.
नवं तेल डाळिंबाच्या रसासारखं असतं.
हे पेल्याच्या तळाशी राहिलेल्या चहासारखं.
नाकाशी धरलं.
करपलेली साखर.
साखर असेल तर वेळ आहे, म्हणतो जुम्बेर,
केस जळल्यासारखा वास आला
तर मला नको, पाद्र्याला फोन कर.

"कुणीतरी डुकराचं आणलंय," झेझ्वा म्हणाले.
आमच्या तुशेतीत ते वर न्यायचं नसतं,
डोंगराला खपत नाही.
सगळ्या माना तिबिलिसीच्या पोरीकडे वळल्या.
तेओना नाव तिचं, पाठीवर तिच्याहून मोठी सॅक.
तिने कानापर्यंत लाल होत
कागदात गुंडाळलेलं सॉसेज काढलं,
रस्त्याकडेच्या खडकावर ठेवलं.
आम्ही वाट पाहिली.
सॉसेज खडकावर, दिवा जागच्या जागी.

मग मी बंपरसमोर उताणी पडले.
जाळीच्या आत, रेडिएटरच्या पुढ्यात
गिअरबॉक्सचा छोटा कूलर असतो,
वहीच्या पानांएवढ्या बारीक पापुद्र्यांचा.
त्यातून वारा जायचा.
हात लावला तर नमदा.
लामाराने विणायची सुई दिली.
बोटं भाजत, एकेक पापुद्रा मोकळा करत
ओढलं, तर निघाली लोकर,
धूळ आणि तेल पिऊन फुगलेली,
मूठभर, मग आणखी मूठभर.
टोकं निळी.

जूनमध्ये याच रस्त्याने कळप वर गेले,
आणि मी त्यांच्यामागे तासन् तास
पहिल्या गिअरमध्ये, भोंगा न वाजवता.
ज्याच्या त्याच्या मेंढ्यांच्या पाठीवर ज्याचा त्याचा रंग.
निळा कुणाचा, ते गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक.
कुणी बोललं नाही.
आजोबांनी लोकर माझ्या हातातून घेतली,
वळून वळून तिची गोळी केली, खिशात घातली.
चोर सोडून संन्याशाला फाशी,
हे मी फक्त मनात म्हटलं.
वीस मिनिटांनी दिवा विझला,
तेव्हा ते पोरीला "पुढे बस" म्हणाले
आणि स्वतः पिठाच्या पोत्यावर जाऊन बसले.
सॉसेज तिथेच राहिलं. ते मात्र त्यांनी उचलू दिलं नाही.

पुढचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये, ओव्हरड्राइव्ह बंद,
पाय हलका, पण इंजिन गुदमरेल इतका हलका नाही.
तेओना दर वळणाला दिव्याकडे बघत होती,
जणू पुन्हा लागला तर तिचीच चूक.

ओमालोत पोती उतरली, माणसं उतरली,
मी चावी लगेच फिरवली नाही.
या फेरीनंतर अर्धं तेल बदलायचं,
अर्धं पुढच्या महिन्यात.
एकदम सगळं नवं घातलं तर जुनी यंत्रं बिथरतात,
असं जुम्बेरचं मत, मला नक्की माहीत नाही.
कळपामागून आले की जाळी धुवायची, हे मात्र नक्की.

फडकं बरणीत घालून झाकण लावलंय.
जुम्बेरला हुंगायला देईन.
साखर म्हणाला तर बरं.