पाच किलो गहू

सक्करदऱ्याला, बाजाराच्या मागल्या गल्लीत
खाली निखारेची गिरणी
आणि वर, अकरा पायऱ्यांवर, डॉक्टर नंदेश्वरबाईंचा दवाखाना.
पाटी: मनोविकार. बाह्यरुग्ण. मंगळवार, शुक्रवार.
ती मी चार वेळा वाचली, रस्त्याच्या पलीकडून,
खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा,
नवतप्याचा दुसरा दिवस.

धंदा माझा कुलरचा.
मोटर भरतो, पंप बदलतो, वाळ्याच्या ताट्या बसवतो.
ह्या उन्हाळ्यात फोन वाजायचा
आणि मी बघत राहायचो त्याच्याकडे,
जसा काही दुसऱ्याच्या घरी वाजतोय.
आंघोळीला उठायचं म्हणजे
रामटेकचा गड चढायचा.

कुंदा म्हणाली, चला.
मी म्हणालो, लोक म्हणतील
धकाते पागलखान्यात जाऊन रायला.
ती वाद घालत बसली नाही.
कोठीतून पाच किलो गहू काढले,
डबा स्कूटरवर पायाशी ठेवला.
"दळण आणाले चाललो म्हणा."

असं सुरू झालं.
डबा खाली, मी वर.
डबा वीस मिनिटांत दळून व्हायचा,
मी व्हायचो नाही.

बाई विचारायच्या ते अगदीच साधं.
काल भाजी कोणती होती? मीठ बरोबर होतं?
मला आठवायचं नाही.
असू द्या, म्हणायच्या, आणि थांबायच्या.
मीही मोटर लगेच उघडत नाही,
आधी तिच्यावर हात ठेवून बसतो
थरथर कुठून येते ते कळेस्तोवर.
त्यामुळं त्यांचं थांबणं मला ओळखीचं वाटलं.

एकदा अर्धा तास काहीच बोललो नाही.
शेवटी विचारलं, गप्प बसायचे पैसेपण तेवढेच?
तेवढेच, त्या म्हणाल्या,
आणि माझं हसू बाहेर आलं
बंद पडलेल्या पंपातून येतं तसं,
आधी गढूळ.

रात्री अर्धी गोळी. तोंडाला कोरड.
पंधरा दिवस काही फरक नाही,
बाईंनी सांगितलं होतं, नाही वाटणार म्हणून.

घरात मात्र पीठ साचत गेलं.
खाणारे आम्ही तिघं, दळण आठवड्याला दहा किलो.
कुंदानं नणंदेला दिलं, भाडेकरूला दिलं,
उरलं त्यात पोरकिडे झाले.
बोकडेकाकूंनी विचारलं,
"काहून वो, लगन हाय का घरी?"

दवाखान्याच्या जिन्यावरही पीठ बसतं.
वर बाकावर कुणी कुणाचं नाव विचारत नाही,
पण पायऱ्यांवर सगळे उमटलेले असतात:
कॉलेजच्या पोरीचे बूट,
कुण्या म्हाताऱ्याची एक घासत जाणारी चप्पल,
लहान मुलाचा सँडल, अर्ध्यातून मागे फिरलेला
आणि पुन्हा वर गेलेला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली.
इडा पिडा घेऊन जा गे मारबत,
मीही ओरडलो, घसा बसेपर्यंत.
बाईंना सांगितलं.
"गेली का मग?"
थोडी, म्हणालो.
पहाटे चारला डोळे अजून उघडतात.
पण काल भाजी अंबाडीची होती.
मीठ जास्त होतं.

नंतरच्या मंगळवारी डबा घरीच राहिला.
विसरला म्हणून सांगणार होतो.
निखारे पट्टा चढवत होता, भुवया पांढऱ्या.
"आज गहू नाही, भाऊ?"
नाही, वर जातो.
गिरणीच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही,
कानाला हात लावला त्यानं.
मग गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगावं लागलं,
वर जातो. दवाखान्यात.

गल्लीत पानवाला चुना लावत होता, तो लावतच राहिला.

निखारेनं गिरणी बंद केली.
दळण अर्धं पाळीत तसंच ठेवून
हात झटकत जवळ आला.
"उतरताना थांबजो जरासा.
माह्या भाच्याले कधी आणू,
ते विचारायचं होतं तुले."