नाकासमोर

रास अल खैमाच्या दक्षिणेला समुद्र मागे सरला
आणि मीठ विसरून गेला, त्या पांढऱ्या सपाटीवर
शुक्रवारी पहाटे आम्ही विमान उतरवतो,
जुन्या चादरीत गुंडाळलेलं, पिकअपच्या हौद्यातून.
पंख दीड मीटर. डाव्या टोकाला गोंदाचे डाग.
मार्चमधली माझी चूक.

खल्फान तीस वर्षं आगीच्या बंबावर होता.
त्याची हिंदी टायरवाल्यांकडून उचललेली.
त्या हिंदीत तो सांगतो: रोल म्हणजे फिरणं नाही.
सरळ जाणं. विमान फिरतं, रेघ फिरत नाही.
तो डोंगर बघ, त्याच्या खांद्यावर नाक ठेव.

आणि मी, गावात ज्याला म्हणायचे
नाकासमोर चालणारा पोरगा,
सिमेंटच्या कारखान्यात वजनकाट्यावर अकरा वर्षं,
ट्रक चढव, आकडा लिही, ट्रक उतरव,
मला वाटलं, हे तर आपल्याला येतंच.

येत नाही.

उजवा अंगठा उजवीकडे, आणि शेवटपर्यंत तिथेच.
पंख उभा झाला की नाक गळतं,
तेव्हा डाव्या अंगठ्याने सुकाणू डावीकडे, चिमूटभर.
मग पोट आभाळाकडे. आता पुढे ढकल.
वर राहायचं तर खाली ढकल.
इथे माझा अंगठा हटकून मागे येतो,
बावन्न वर्षांचा, ओढणं तेवढं शिकलेला,
आणि विमान मुकाट्याने मिठाकडे तोंड करतं.
'धक्का मारो! धक्का!' खल्फान ओरडतो,
जशी भर रस्त्यात कुणाची गाडी बंद पडलीय.
मग दुसरी कड, सुकाणू आता उजवीकडे,
मग पुन्हा सुलटं.
सगळं मिळून चार सेकंद.
मला चार महिने.

रात्री खालच्या खाटेवर, हात पोटावर, अंगठे हलत राहतात.
वरून मल्लेश वाकून बघतो. जप चाललाय का?
म्हटलं, हो. चारच मणी आहेत,
तिसरा निसटतो.

आज वारा नव्हता.
इंजिनाच्या धुरात एरंडेलाचा वास,
लहानपणी नाक दाबून पाजलेलं तेच,
इथे मी मुद्दाम हुंगतो.
विमान डावीकडून आलं, छातीच्या उंचीवर वाटावं इतकं संथ,
कड, पाठ, आणि अंगठा
मला न विचारता पुढे गेला.
डोंगराच्या खांद्यावरून नाक हललं नाही.
कड. सुलटं.

वळून पाहिलं तर खल्फान पाठमोरा,
थर्मासमधून चहा ओततोय.
पाहिलंसच नाहीस, मी म्हणालो, थोडा खट्टू होऊन.

'ऐकलं,' तो म्हणाला, पाठ तशीच.
'शेवटच्या कडेला घाई केलीस. तिथे आवाज चढला.'
मग कप खाली ठेवला.
'टाकीत किती उरलंय?'
दोन मिनिटांचं.
त्याने चहावर बशी झाकली
आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.